रविवारची साफसफाई आणि अंजिरावरचं घरटं

शुक्रवार

सेक्रेटरी : सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी सकाळी ८ वाजता इमारतीच्या मागच्या बाजूची साफसफाई ठेवली आहे. गवत कापायचं मशीन आणि दोन माणसं सांगितली आहेत. गवत, पालापाचोळा, कंपाउंडलगतची झुडपं सगळं काढून फवारणी करून घेऊ. कोपऱ्यातला उंबरही फार पसरलाय, तोही उतरवून टाकू. पाऊस वाढायच्या आत झालेलं बरं.

बी २०३ : फार गरज होती. मागच्या महिन्यात तिथं साप दिसल्यापासून मुलांना मागं सोडायची भीतीच वाटते.

सी १०२ : हो, आणि डासही वाढलेत.

ए १०१ : सेक्रेटरी भाऊ, एक विनंती आहे. मेसेज लांबेल, पण सगळ्यांनी वाचा.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून चार हातांवर अंजिराचं झाड आहे. त्याच्या कमरेएवढ्या उंचीवरच्या एका पानात शिंपी पक्ष्यानं घरटं केलंय. मी ते शिवताना पाहिलंय. मादी चोचीनं पानाच्या कडेला बारीक भोक पाडायची, त्यातून कोळ्याच्या जाळ्याचा नाहीतर कापसाचा धागा ओवायची आणि पलीकडून टोक पिंजून ठेवायची, म्हणजे धागा मागं सरकत नाही. गाठ नसतेच. असे वीस-बावीस टाके घालून तिनं पानाचा द्रोण केला आणि आत सावरीचा कापूस भरला. लांबून बघाल तर साधं दुमडलेलं पान वाटतं. मशीन फिरवणाऱ्या माणसाला ते दिसणारच नाही.

सोमवारी पिल्लं निघाली. तीन आहेत. उडायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे या रविवारी ती अजून उघडीबोडकी असतील. नर आणि मादी दोघं दिवसभर अळ्या आणून भरवतात. जाताना पिल्लाची शी चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. पांढरी, पातळ पिशवीत बांधल्यासारखी असते ती. घरट्याखाली घाण दिसली की शत्रूला पत्ता लागतो, म्हणून.

मागची साफसफाई दोन आठवडे पुढं ढकला, एवढंच मागणं आहे. आणि फवारणी तर नकोच.

बी २०३ : काकू, तुमचं मन कळतं मला. पण घरट्यासाठी साप ठेवायचा का? माझा धाकटा चार वर्षांचा आहे.

ए १०१ : नाही ग, ठेवायचा नाही. तुझी काळजी अगदी रास्त आहे. तो साप मीही पाहिला, धामण होती. बिनविषारी असते आणि उंदरांच्या मागावर येते. पण घोणससुद्धा येऊ शकते, म्हणून दुर्लक्ष करा असं मी कुणालाच सांगणार नाही. तो कुठून निघाला ते आठवून बघ. गवतातून नाही, पार्किंगच्या मागं रचलेल्या विटा आणि फुटक्या फरशांतून. रंगकाम झाल्यापासून तो ढीग तिथंच पडलाय. आणि उंदीर कशामुळं? ओल्या कचऱ्याच्या डब्याला झाकण नाही, पाव नि भात बाहेर सांडलेला असतो. गवत कापलं आणि हे दोन्ही तसंच राहिलं, तर साप पुन्हा येईल. विटा उद्याच हलवूया, मी येते हाताला. पायवाटेच्या दोन्ही बाजूंचं दोन-दोन हात गवतही काढा, माझी हरकत नाही.

सी ३०१ : काकूंचं बरोबर आहे. आमच्या गावाकडं माणमध्ये धान्याच्या कणगीजवळ धामण दिसली तर वडील मारू द्यायचे नाहीत. पण अडचणीत हात घालायचा नाही आणि रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही, हे आधी शिकवायचे.

सी १०२ : आणि डासांचं काय? पक्ष्यांसाठी म्हणून पाण्याची भांडी ठेवलीत, त्यात होत नाहीत का?

ए १०१ : पाणी आठवडाभर तसंच राहिलं तर होतील. अंड्यापासून डास उडेपर्यंत आठ-दहा दिवस जातात. मी रोज सकाळी भांडं उपडं करून काथ्यानं घासते आणि ताजं पाणी भरते. मातीची पसरट परात आहे, पाणी दोन बोटंच, मध्ये एक दगड. बुलबुल त्या दगडावर उभा राहून अंघोळ करतो. डास बघायचे असतील तर गच्चीवरच्या कुंड्यांच्या ताटल्या आणि जिन्याखालचा टायर बघा. काल मी त्यात अळ्या वळवळताना पाहिल्या.

ए ४०२ : काकू, मी टाकलेला फोटो बघा सगळ्यांनी. मागच्या आठवड्यात आपल्याच उंबरावर काढलाय. हिरवट पिवळा, पाय हळदीसारखे. हरियाल आहे. महाराष्ट्राचा राज्यपक्षी! अकरा जण उंबरं खात होते. पानांत असे मिसळून जातात की हलल्याशिवाय दिसत नाहीत.

बी १०२ : आपल्याकडं?? मी समजत होतो हे सगळं बघायला कासच्या रस्त्याला जावं लागतं.

ए १०१ : आपण अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहतो भाऊ. किल्ल्याच्या उतारावरून मोर ओरडलेला मला घरात ऐकू येतो. उतार आणि आपली भिंत यांच्यामध्ये आता सगळ्या इमारती झाल्या. या गल्लीत पक्ष्याला टेकायला उरलेली जागा म्हणजे ही चाळीस फुटांची पट्टी.

आणि सेक्रेटरी भाऊ, उंबराबद्दल एक. शहरातलं झाड तोडायला १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे नगरपालिकेची परवानगी लागते. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे, त्यात रानपक्ष्यांची घरटी आणि अंडी यांनाही संरक्षण आहे. धाक दाखवायला सांगत नाही. उद्या कुणी तक्रार केली तर कागदावर नाव तुमचं येईल, म्हणून सांगते.

सेक्रेटरी : हे माहीत नव्हतं. उंबर थांबवतो. पण फांदी ए विंगच्या गॅलरीत शिरतेय, तिचं काहीतरी करावं लागेल.

ए १०१ : तेवढ्या फांदीचा रीतसर अर्ज करू. मी लिहून देते.

बी १०२ : काकू, एक विचारतो. माझ्या गाडीच्या आरशावर रोज एक काळा-निळा चमकणारा छोटा पक्षी चोची मारतो. आरसा घाण करून ठेवलाय. काय करायचं?

ए १०१ : शिंजीर आहे तो. विणीच्या दिवसांत नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला येऊ देत नाही आणि आरशात त्याला तो दुसरा दिसतो. बिचारा तासन्‌तास भांडत बसतो आणि दमतो. गाडी लावली की आरशावर जुना मोजा किंवा कापडी पिशवी चढवा. मादी तुमच्याच गॅलरीखालच्या शेवग्यावर मध खायला येते, करडी-पिवळी, साधी दिसते.

सी २०४ : आम्ही गच्चीवर रोज पोतंभर ज्वारी टाकतो. पक्ष्यांसाठी आमचंही काम चालू आहे. पण चिमण्या येतच नाहीत, नुसती कबुतरं.

ए १०१ : ताई, तुमची माया खरी आहे. पण ज्वारीचा ढीग टाकला की कबुतरंच येणार. ती थव्यानं बसतात आणि बारक्यांना जवळ येऊ देत नाहीत. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेचा दमेकऱ्यांना त्रास होतो, आणि आपल्या बिल्डिंगमध्ये दोन आजोबा दमेकरी आहेत. चिमणी दाणे खाते खरी, पण पिल्लांना सुरुवातीला किडेच भरवते. म्हणून तर मी फवारणीला नको म्हणते. पाचोळ्यात अळ्या, टोळ, कोळी असतात. सातभाई येऊन तीच पानं उलटीपालटी करतात, दयाळ तिथंच उतरतो. तोच तो, एप्रिलपासून पहाटे पाचला तारेवर बसून शीळ घालणारा. औषध मारलं की किडे मरतील आणि उरलेले विषारी किडे पिल्लांच्या पोटात जातील. ज्वारीऐवजी लिंबू लावा, कढीपत्ता लावा. माझ्या लिंबावर पक्ष्याची शीट पडल्यासारखी अळी दिसली म्हणून मी काढून टाकणार होते. ए ४०२ च्या पोरानं थांबवलं. तीच पुढं हिरवी झाली, कोष केला आणि त्यातून तळहाताएवढं काळं-निळं फुलपाखरू निघालं. नीलवंत, आपलं राज्य फुलपाखरू. पंख वाळेस्तोवर तासभर तिथंच लटकून होतं.

सी ३०१ : आज पावशा ऐकला का कुणी? 'पेरते व्हा' करत होता दुपारी. लहानपणी तो ओरडला की आई बियाण्याचं मडकं खाली काढायची.

बी २०३ : काकू, मुलांना घरटं दाखवाल? लांबून?

ए १०१ : उद्या साडेचारला या. खिडकीच्या आतून बघायचं, फोन बाहेर काढायचा नाही. पक्षी येईस्तोवर बोलायचं नाही, हे पोरांना आधी सांगून ठेव.

सेक्रेटरी : ठीक आहे. रविवारी पुढची बाजू, गटार आणि विटांचा ढीग. टायर आणि ताटल्या ज्याच्या त्यानं रिकाम्या करायच्या. डब्याला झाकण मी आणतो. मागची पट्टी पिल्लं उडाल्यावर, आणि मशीन न लावता हातानं. फवारणी रद्द. अंजिराच्या बाजूला दोरी बांधून ठेवू.

ए १०१ : पट्टीत घाणेरी आहे ती तेव्हा मुळासकट उपटू, ती दुसरं काही वाढूच देत नाही. पाचोळा मात्र भिंतीकडं सारून ठेवायचा, जाळायचा नाही. मनापासून आभार, भाऊ.

दहा दिवसांनी, सोमवार

ए १०१ : सकाळी ६.४० ला पहिलं बाहेर आलं. शेपूट नाहीच अजून, लिंबाएवढा गोळा. अंजिराच्या देठावर बसून ओरडतंय. मादी भिंतीवरून बोलावतेय. कृपया मागच्या बाजूला गाडी धुवायला आज कुणी जाऊ नका, आणि बी विंगमधल्यांनी मांजर घरात ठेवा.

बी २०३ : ठेवलं. पोरगा अंथरुणातून उठून खिडकीत आलाय.

ए १०१ : दुसरंही आलं. तिसरं डोकं काढून बघतंय.