शब्दसूची दिली की ग्राफिक्स कार्डाचा वेग का कोसळतो?

प्रश्न – निवांत_कीबोर्ड
नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेच्या विंडोज डोमेनमधील पासवर्ड किती तकलादू आहेत, हे तपासण्याचे काम व्यवस्थापनाच्या लेखी परवानगीने माझ्याकडे आले आहे. एनटीएलएम हॅश (पासवर्डवरून विंडोजने बनवून साठवलेली, उलट न फिरवता येणारी सांकेतिक रूपे) मी हॅशकॅट या पासवर्डचे अंदाज तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने तपासतो आहे. बेंचमार्कमध्ये (वेगचाचणीत) ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी हॅश दाखवते. परंतु रॉकयूची शब्दसूची (फुटलेल्या पासवर्डांची प्रसिद्ध यादी) दिली की वेग पार ढासळतो. अधिक ताकदीचे कार्ड मागवावे का?

उत्तर – गिरणगाव
अजिबात मागवू नका, कारण आहे तेच कार्ड उपाशी बसले आहे. एनटीएलएम म्हणजे पासवर्डवर सॉल्टविना (पासवर्डला यादृच्छिक भर न जोडता) एकदाच चालवलेला एमडी४, म्हणजे हॅश काढण्याची एक जुनी, झटपट पद्धत. त्यामुळे एखादा अंदाज तपासायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ तो डिस्कवरून वाचून पीसीआय बसमार्गे (संगणक व कार्ड जोडणाऱ्या वाटेने) कार्डापर्यंत पोहोचवण्यात जातो. बेंचमार्कमध्ये अंदाज कार्डावरच तयार होतात, म्हणून तेथील आकडा एवढा फुगलेला दिसतो. शब्दसूचीला नियमांच्या (शब्दात ठरावीक बदल करणाऱ्या सूचनांच्या) फाइलची जोड द्या; हे बदल कार्डावरच होतात. नियमातील ‘सी’ पहिले अक्षर कॅपिटल करतो आणि डॉलरचिन्ह त्यापुढचे चिन्ह शब्दाच्या शेवटी जोडते. म्हणजे सूचीत नुसते ‘गणेश’ असले तरी कॅपिटल अक्षराने सुरू होणारे ‘गणेश@१२३’ कार्डावरच तयार होते (आणि आपल्या कार्यालयांत ते हमखास सापडते). हजार नियम असतील, तर एका शब्दाच्या एका खेपेत हजार अंदाजांचे काम मिळते. रॉकयूचे सुमारे १ कोटी ४३ लाख शब्द या वेगापुढे किरकोळच आहेत.

उत्तर – तांबडी_माती
वरील उत्तराशी सहमत आहे. हॅशकॅटचा ‘ओ’ (कॅपिटल) हा पर्यायही लावून पाहा; त्याने वेग वाढतो, मात्र लांब पासवर्ड वगळले जातात, हे अहवालात नमूद करा. कामाचा भार ठरवणारा ‘डब्ल्यू’ पर्याय ३ वर ठेवावा. ४ वर ठेवल्यास त्याच कार्डाला जोडलेला पडदा गोठल्यासारखा होतो. सेकंदाला १०० अब्ज अंदाजांचा वेग मिळाला, तर कीबोर्डवरील ९५ चिन्हांचे सर्व आठ-अक्षरी पासवर्ड साधारण साडेअठरा तासांत तपासून होतात, पण नववे अक्षर आले की तेच काम सुमारे ७३ दिवसांवर जाते. म्हणून नऊ व त्याहून अधिक अक्षरांसाठी आंधळेपणाने मास्क (प्रत्येक जागी कोणती चिन्हे तपासायची याचा साचा) लावू नये.

निवांत_कीबोर्ड
आभारी आहे. नियम लावताच कार्डाचा वापर शंभर टक्क्यांजवळ गेला. आमच्या जुन्या वेब-प्रणालीतील बीक्रिप्ट या दुसऱ्या पद्धतीच्या हॅशनाही हेच लागू पडेल का?

उत्तर – गिरणगाव
नाही. तेथे बस अडसर ठरत नाही, गणनाच मुद्दाम जड केलेली असते. कॉस्ट (गणना किती जड असावी हे ठरवणारा आकडा) एकाने वाढली की काम दुप्पट होते, प्रत्येक गणनेला सुमारे ४ किलोबाइट स्मृती सतत चाळावी लागते आणि प्रत्येक हॅशचा सॉल्ट वेगळा असल्याने एकच अंदाज प्रत्येक खात्यासाठी नव्याने तपासावा लागतो. तेथे नियमांचा मारा न करता संस्थेचे नाव, शहर आणि चालू वर्ष यांपासून बनवलेली छोटी सूची आधी चालवा.