गालापागोसला मोठं जहाज नाहीच

गालापागोस, म्हणजे पॅसिफिकमधली इक्वेडोरची बेटं, तिथल्या सहलीबद्दल वर कोणीतरी लिहिलंय की लहान बोट नको, उलट्या होतात, त्यापेक्षा मोठं क्रूझ घ्या. उलट्यांचं खरं आहे, रात्री एका बेटावरून दुसऱ्याकडे जाताना बोट चांगलीच हलते, पण १०० पेक्षा जास्त प्रवाशांच्या जहाजाला तिथे बेटं फिरवायची परवानगीच नाही, आणि उतरल्यावर एका गाईडमागे जास्तीत जास्त १६ माणसं.

पाण्याबद्दल मात्र कोणीच बोललं नाही. मी गोव्यातल्या वास्कोचा, लहानपणापासून समुद्रात पोहतोय, विषुववृत्तावरचं पाणी म्हणजे आपल्या बायण्याच्या किनाऱ्यासारखं कोमट असणार असं धरून चाललो होतो. सप्टेंबरात पश्चिमेकडच्या फर्नांडिना बेटाजवळ उडी मारली आणि श्वासच अडकला! तिकडे पश्चिमेला खोलातलं थंड पाणी वर येतं, पण त्याच्यामुळेच तर मासळी भरपूर आणि म्हणूनच तिथे पेंग्विन, शिवाय उडता न येणारे पाणकावळे, जे जगात फक्त फर्नांडिना आणि शेजारच्या इसाबेला बेटाच्या किनाऱ्यावर आहेत. काळ्या लाव्हावर तोकडे पंख पसरून वाळवत बसलेला तो पक्षी बघून माझे डोळे भरून आले. वेटसूट (थंड पाण्यात ऊब देणारा पोहण्याचा पोशाख) घ्याच, आणि पैसे वाचवायला पश्चिमेची बेटं वगळणारी ट्रिप कृपया घेऊ नका.