स्मॉल ब्लाइंड: ‘अर्धे भरलेत’ म्हणून किती कॉल करणार?

गिरगावकर: पोकरच्या ग्रुपवर सल्ला फिरतोय: "स्मॉल ब्लाइंडमध्ये अर्धे पैसे भरलेलेच असतात, कुठल्याही टेबलवर, कुठलेही पत्ते येवोत, कॉल करा." नवखे हे वाचून पैसे घालवतात, म्हणून सविस्तर लिहितोय. पत्ते वाटण्याआधी दोघांना सक्तीने पैसे भरावे लागतात: स्मॉल ब्लाइंडला अर्धे, बिग ब्लाइंडला पूर्ण. कॉल म्हणजे समोरच्याइतके पैसे घालणं, रेझ म्हणजे ते वाढवणं, फोल्ड म्हणजे पत्ते टाकणं.

भरलेले 50 तुमचे राहिले नाहीत, पॉटचे (मधल्या ढिगाचे) झाले. ब्लाइंड 50/100, बटनने (फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्याने) रेझ करून 250 केले. तुम्ही 200 घालायचे, पॉटमध्ये 400. म्हणजे कॉल परवडायला पॉटमध्ये सरासरी 33 टक्के वाटा हवा. हातात राजा-सत्ती ऑफसूट (वेगळ्या चिन्हांची). बिग ब्लाइंड अजून बोलायचाय, तो रेझ करून तुमचे 200 अडकवू शकतो. नाही केलं, तरी फ्लॉप, टर्न, रिव्हरला (टेबलवर उघडणारे पहिले तीन, मग चौथा, मग पाचवा पत्ता) आधी बोलायचं तुम्हीच. फ्लॉपला राजा-नव्वी-चव्वी आली. समोर राजा-गुलाम असेल तर तुम्ही रिव्हरपर्यंत पैसे देत राहता. त्याच्याकडे राजा नसेल तर तो चेक करतो (पैसे न घालता पुढे जातो), नाहीतर फोल्ड. जोडी लागून मोठा पॉट हरायचा, छोटा जिंकायचा. चांगल्या पत्त्यांवर 1000 च्या आसपास थ्री-बेट (रेझवर पुन्हा रेझ) करा, बाकी फोल्ड.

पार्लेकर: असहमत. तुम्ही रेझनंतरचं सांगताय. तिघे लिंप झाले (रेझ न करता फक्त 100 भरून आत आले) तर 50 घालून 450 साठी खेळतो, 10 टक्के पुरतात. पाच जणांत सरासरी वाटा 20 टक्के. मग फोल्ड का?

गिरगावकर: कारण तो वाटा पाचही पत्ते उघडेपर्यंत टिकलात तरच मिळतो. नव्वी-तिर्री ऑफसूटला तिर्रीची जोडी लागली आणि कोणी बेट केली की फोल्डच. छोटी जोडी घ्या, सेट (जोडीला तिसरा तसाच पत्ता) फ्लॉपला 11.8 टक्के वेळा लागतो आणि लागला की पैसे मिळतात. सत्ती-छक्की सूटेडही (एकाच चिन्हाची) घ्या. पण "कुठलेही पत्ते"? अजिबात नाही.

घाटकोपर_बटन: दोघेही रेक (खेळ चालवणारा पॉटमधून कापतो तो वाटा) विसरलात! 5 टक्के धरा. वरच्या राजा-सत्तीच्या हातात 600 च्या पॉटमधून 30 गेले, म्हणजे 33 ऐवजी 35 टक्के हवेत. फ्लॉपआधी हात संपला तर बहुतेक ठिकाणी रेक कापत नाहीत, म्हणूनही थ्री-बेट किंवा फोल्ड. आणि अंधेरीच्या फ्लॅटमध्ये कॅप (कमाल मर्यादा) न लावता कापतात त्याचं काय? 20,000 च्या पॉटमधून 1000! चहा-सँडविचचे एवढे पैसे?

ठाणेकर: कॅपचं सोडा. घरात रेक कापला की तो अड्डा होतो. महाराष्ट्राचा 1887 चा जुगारबंदी कायदा वाचा, जागा वापरू देऊन फायदा घेणं हाच त्यातला गाभा आहे. अड्ड्यावर सापडलेला खेळाडूही सुटत नाही.

घाटकोपर_बटन: कायदा शिकवू नका. 2025 च्या कायद्याने ऑनलाइन पैशाचे खेळ बंद केले, मग माणसं फ्लॅटमध्येच जाणार ना? सगळ्यांना दर शनिवारी गोवा परवडत नाही.

ठाणेकर: परवडत नाही म्हणून कायदा बदलत नाही. यजमानाने रेक न घेता खर्च सगळ्यांत वाटावा, एवढं साधं का जमत नाही?

पार्लेकर: भांडण वेगळ्या धाग्यावर न्या. गिरगावकर, टूर्नामेंटचं सांगा. बिग ब्लाइंडने 100 अँटी (ब्लाइंडवरची आणखी एक सक्तीची रक्कम) भरलाय, सगळे फोल्ड होऊन तुमच्यापर्यंत आले. 50 घालून 250 साठी खेळतोय, 16.7 टक्के पुरतात. समोर एकच माणूस. इथे दुर्री-सत्तीही टाकायची?

गिरगावकर: नाही. अँटी आहे, रेक नाही, समोर कुठलेही दोन पत्ते असलेला एकच माणूस. तिथे बहुतेक हात लिंप करा, तेवढ्यापुरतं मान्य. पण त्यात एक्का-राजाही मिसळा, नाहीतर बिग ब्लाइंड प्रत्येक लिंपवर रेझ करेल. कॅशमध्ये माझं मत तेच.

पार्लेकर: म्हणजे सल्ला अर्धा बरोबर होता.

गिरगावकर: "कुठलेही पत्ते" आणि "कुठल्याही टेबलवर", दोन्ही त्यात होतं. अर्धाही नाही. प्रत्येक स्मॉल ब्लाइंड फोल्ड केला तर 100 वेळांत 50 बिग ब्लाइंड जातात. कॉल करून त्याहून जास्त गेले तर तो कॉल चुकलाच. आपल्या हातांची नोंद ठेवा आणि तेवढाच आकडा तपासा.