ऑर्ग-मोडमध्ये कामाच्या अवस्थांचे शब्द आपले असावेत की मूळचेच राहू द्यावेत?

गिरणाकाठ, जळगाव

गेल्या आठवड्यात यावरून आमच्या ऑफिसात चांगलीच खडाजंगी झाली, म्हणून इथे मांडतोय.

इमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधलं ऑर्ग-मोड मी सहा वर्षं वापरतोय. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फाइल साध्या मजकुराची. ओळीच्या सुरुवातीला चांदणी दिली की शीर्षक, दोन दिल्या की पोटशीर्षक. शीर्षकात सुरुवातीला 'टुडू' लिहिलं की ते काम, उरकलं की 'डन'. खाली मुदतीची तारीख टाकली की ते अजेंड्यात, म्हणजे तारखेनुसार कामांच्या यादीत, दिसतं. कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ मध्ये स्वतःच्या टिपणांसाठी हे सुरू केलं आणि २००७ च्या इमॅक्स २२ पासून ते इमॅक्ससोबतच मिळतं.

माझं काम जीएसटी आणि हिशेबाचं. डाळमिलवाले, चटईवाले, पाइपवाले, किराणावाले असे चाळीसेक पक्षकार. माझं म्हणणं एवढंच: रंग, फाँट, थीम यांना हात नाही लावला तरी चालेल, पण अवस्थांचे शब्द बदललेच पाहिजेत. आमचं सगळं काम 'टुडू' आणि 'डन'च्या मधेच घडतं. कोणाची बिलं यायची आहेत, कोणाची तपासून झाली पण पैसे भरायचे आहेत, हे दोन शब्दांत मावत नाही. पहिली दोन वर्षं मी मूळचेच शब्द ठेवले होते. तेव्हा ज्यांनी बिलं कधीच पाठवली होती त्यांनाच पुन्हा फोन करायचो आणि ज्यांची यायची होती ते राहून जायचे.

आता माझी साखळी अशी: कागदबाकी, तपासणी, भरणा, मग उभी रेघ, मग दाखल. रेघेच्या डावीकडचं ते चालू काम, उजवीकडचं ते संपलेलं. जीएसटीच्या ३बी या मासिक विवरणपत्राची मुदत २० तारीख, तिला 'दर महिन्याला' अशी पुनरावृत्ती लावली आहे. 'दाखल' केलं की तारीख आपोआप पुढच्या २० वर जाते आणि अवस्था साखळीतल्या पहिल्या शब्दावर, म्हणजे 'कागदबाकी'वर येते. पुढच्या महिन्याचं काम खरोखर तिथूनच सुरू होतं. 'टुडू'वर परत आलं असतं तर मला काहीच कळलं नसतं.

दुसरं म्हणजे झटपट नोंद. आमचे आजोबा दाणा बाजारात मुनीम होते. दिवसभर जे घडेल ते घडेल तसं कीर्दीत लिहायचं आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावायचं, ही त्यांची शिस्त. ऑर्गमधलं 'कॅप्चर' ही कीर्द आणि 'रीफाइल' ही खतावणी. म्हणून माझ्या कॅप्चरच्या फाइलीचं नावच 'कीर्द' आहे. फोनवर बोलता बोलता कंट्रोल-सी, मग सी दाबून ओळ टाकतो आणि सहा वाजता कंट्रोल-सी कंट्रोल-डब्ल्यूने खतावतो. नाव बदलल्यापासून ऑफिसातली दोन्ही मुलं न सांगता संध्याकाळी खतावायला बसतात. शब्द ओळखीचा असला की कामाची पद्धतही सोबत येते, असा माझा अनुभव.

तुमचं काय मत?

भुसावळकर

मी पूर्ण विरोधात आहे. कारण अनुभवाचं आहे.

नऊ वर्षांत मी शब्द तीनदा बदलले. आधी 'झालं' होतं, मग 'पूर्ण', मग 'संपलं'. प्रत्येक वेळी आधीचा शब्द सेटिंगमधून काढून टाकला. परिणाम काय? जुन्या फाइलींतला 'झालं' हा शब्द ऑर्गच्या लेखी आता शीर्षकातला साधा मजकूर. त्या नोंदींना मुदतीच्या तारखा होत्या. ऑर्गला त्या अपुऱ्या वाटल्या आणि तीन वर्षांपूर्वी उरकलेली कामं अजेंड्यात 'थकीत' म्हणून रांगेने उभी राहिली. त्या गर्दीत घरपट्टीची खरी तारीख हुकली. दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता, माझ्याच सेटिंगचा होता. पण मूळचे शब्द ठेवले असते तर हा प्रसंग आलाच नसता.

आमच्या जंक्शनात राहणाऱ्याला ही गोष्ट लवकर कळते. सिग्नलचे रंग प्रत्येक स्टेशनाने आपापल्या सोयीचे ठरवले तर गाडी चालेल का? 'टुडू' आणि 'डन' हे ऑर्गच्या जगातले सिग्नल आहेत. निओव्हिम या दुसऱ्या एडिटरचा ऑर्ग प्लगइन, कोणी लिहिलेली छोटी स्क्रिप्ट, सगळं हेच दोन शब्द गृहीत धरून सुरू होतं. मोबाइलच्या ऑर्गझली ॲपमध्ये तुमचे शब्द सेटिंगमध्ये वेगळे भरावे लागतात. एकदा विसरलात की फोनवर ते काम राहत नाही, नुसतं शीर्षक उरतं.

आणि एकदा सेटिंगची फाइल उघडली की माणूस शब्दांवर थांबत नाही. माझी फाइल १,४०० ओळींवर गेली होती. ऑर्गची ९.२ आवृत्ती आली तेव्हा कोडचा चौकोन घालायची 'लहान-पेक्षा चिन्ह, एस, टॅब' ही जुनी लकब चालेनाशी झाली, ती ऑर्ग-टेम्पो हा जोडभाग वेगळा लोड केल्यावर परत आली. हे शोधण्यात अख्खा रविवार गेला. आता माझी फाइल तीस ओळींची आहे आणि कामं वेळेवर होतात.

केळीबाग, रावेर

भुसावळकर भाऊ, तुमचं रविवारचं दुःख पटतं, पण सिग्नलचा दाखला मला लागू होत नाही. माझी फाइल दुसऱ्या स्टेशनला जातच नाही. ती माझ्या घरात वाचली जाते.

आमची केळी आहे, मृगबाग आणि कांदेबाग या दोन्ही हंगामांची. आदल्या रात्री मी दुसऱ्या दिवसाचा अजेंडा फाइलीत उतरवतो आणि छापून ओट्यावरच्या खिळ्याला टोचतो. वडील आणि आमचे सालदार तो वाचून कामाला लागतात. तिथे 'टुडू' छापून काय उपयोग? माझे शब्द आहेत करनं (करायचं), वाफसा, लाइट आणि रेघेपलीकडे व्हयनं (झालं). 'व्हई गयं' ठेवायचं होतं, पण अवस्थेचा शब्द सलग एकच लागतो, मधे जागा चालत नाही.

'वाफसा' म्हणजे पाऊस झालाय, जमीन कामाला येईपर्यंत थांबलंय. 'लाइट' म्हणजे मोटारीला वीज कधी येईल त्यावर अडलंय, मग ती रात्री येवो की दिवसा. या दोन थांबण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वाफशासाठी आभाळाकडे बघायचं, लाइटीसाठी वेळापत्रकाकडे. दोन्हीला एकच 'वेटिंग' म्हटलं तर सकाळी कोणी कुठे जायचं ते ठरत नाही.

पुनरावृत्तीबद्दलही सांगतो, कारण नवे लोक इथे फसतात. गिरणाकाठ यांच्या ३बी ला नुसतं अधिक चिन्ह बरोबर आहे, काम केव्हाही करा, पुढची तारीख जुन्या तारखेपासूनच मोजायची. करप्याच्या फवारणीला ते चालत नाही. पावसाने फवारणी पाच दिवस लांबली तर पुढची मोजणी प्रत्यक्ष फवारलं त्या दिवसापासून व्हायला हवी. त्यासाठी अधिक चिन्हाच्या आधी टिंब द्यायचं. हे माहीत नव्हतं तेव्हा एका हंगामात दोन फवारण्या फार जवळ आल्या आणि औषध वाया गेलं.

भुसावळकर

केळीबाग भाऊ, तुमची गरज खरी आहे. पण 'वाफसा' आणि 'लाइट' या अवस्था कशाला? हे टॅग आहेत. काम 'टुडू'च राहू द्या आणि शीर्षकाच्या शेवटी दोन अपूर्णविरामांच्या (:) मधे 'वाफसा' लिहा. अजेंडा टॅगवर गाळता येतो. उद्या टॅगचा शब्द बदललात तरी झालेलं काम पुन्हा जिवंत होत नाही. तुम्हाला हवं ते सगळं मिळतं आणि पाया हलत नाही.

गिरणाकाठ, जळगाव

सगळं मिळत नाही, भाऊ. अवस्था बदलली की ऑर्ग तिची वेळेसकट नोंद ठेवू शकतं, टॅग बदलला तर ठेवत नाही. माझ्या 'कागदबाकी'च्या व्याख्येत मी कंसात 'ॲट'चं चिन्ह दिलंय. हाताने काम त्या अवस्थेत टाकलं की इमॅक्स टीप विचारतं: काय राहिलं, कोणाशी बोललो. ती टीप तारखेसकट त्या नोंदीखाली बसते. पक्षकार म्हणतो, "मी तर तुम्हाला तेव्हाच पाठवलं होतं." तेव्हा मी नोंद उघडतो आणि कोणत्या दिवशी काय बोलणं झालं ते वाचून दाखवतो. वाद तिथेच मिटतो आणि संबंधही टिकतात. टॅगने हे होणार नाही.

तुमच्या थकीत कामांच्या रांगेबद्दल मात्र मनापासून वाईट वाटलं. पण तो शब्द बदलण्याचा दोष नाही, शब्द कुठे लिहिले त्याचा आहे. साखळी फक्त सेटिंगच्या फाइलीत असली की असंच होतं. प्रत्येक कामाच्या फाइलीत वरच हॅश-अधिक-टुडूची ओळ लिहून साखळी तिथे दिली की शब्द फाइलीबरोबर प्रवास करतात. माझ्या २०२१ च्या फाइलीत तेव्हाचे शब्द आहेत, यंदाच्या फाइलीत यंदाचे, आणि अजेंड्याला दोन्ही कळतात.

दप्तरदार, धुळे

मी जुने मोडी कागद वाचून त्यांची सूची करते. धुळ्यात राहून इतिहासकार वि. का. राजवाड्यांचं नाव न घेता कागदांबद्दल बोलता येत नाही. त्यांनी गावोगाव फिरून जमवलेले कागद इथल्या राजवाडे संशोधन मंडळात आहेत. त्या परंपरेत काम करताना एक गोष्ट रोज दिसते. कारकुनाने समासात केलेली खूण त्याला स्वतःला लख्ख कळत होती, पण आज ती लागत नाही. तेव्हाच्या दप्तरात सगळ्यांनी वापरलेल्या खुणा मात्र आजही वाचता येतात.

म्हणून मी भुसावळकर यांच्या बाजूची आहे, पण कारण वेगळं. हॅश-अधिक-टुडूची ओळ शब्द सांगते, अर्थ सांगत नाही. 'तपासणी' म्हणजे गिरणाकाठ यांनी तपासायचं की पक्षकाराने तपासून परत पाठवायचं? दहा वर्षांनी ऑफिसात दुसरं कोणी बसेल, त्याला ते कसं कळावं?

शिवाय देवनागरीच्या अडचणी आहेत, त्या कोणी बोलत नाही. ऑर्गमधल्या तक्त्यांत देवनागरी मजकूर घातला की जोडाक्षरांमुळे उभ्या रेघा वाकड्यातिकड्या होतात, कारण ऑर्ग रुंदी अक्षरं मोजून ठरवतं आणि पडद्यावरची रुंदी वेगळी निघते. व्हॅलाइन नावाचं पॅकेज पिक्सेल मोजून त्या सरळ करतं, पण तो आणखी एक डोलारा. तारखांचे आकडे इंग्रजीच लागतात. देवनागरी आकड्यांत तारीख लिहिली तर ऑर्गला ती तारीख वाटतच नाही, आणि काम न बोलता अजेंड्यातून गळतं. संगणकाचा कीबोर्ड मराठीत असताना कंट्रोलच्या आज्ञाही चालेनात, म्हणून इमॅक्सची स्वतःची देवनागरी लेखनपद्धत कंट्रोल-उलट्या तिरक्या रेघेने चालू-बंद करावी लागते. हे सगळं नवख्यावर पहिल्याच दिवशी कशाला लादायचं? माझ्या सूचीत कागदाचा रुमाल (ज्या कापडी गाठोड्यात तो आहे ते), तारीख, हस्ताक्षर हे सगळं गुणधर्मांच्या रकान्यात देवनागरीत आहे. अवस्था मात्र दोनच, त्याही मूळच्या.

अमळनेरकर

ताई, एक भर घालतो. देवनागरी पडद्यावर नीट जुळवून दाखवायला इमॅक्स २७ पासून हार्फबझ वापरलं जातं. ती आवृत्ती ऑगस्ट २०२० मध्ये आली. त्याआधीचं इमॅक्स असेल तर आधी ते बदला, जोडाक्षरांच्या बऱ्याच तक्रारी तिथेच संपतात. तक्त्यांची अडचण मात्र उरतेच, त्यात तुमचं बरोबर आहे.

केळीबाग, रावेर

दप्तरदार ताई, अर्थ विसरला जाईल हे खरं. आमच्या घरात मात्र उलट झालं. 'डन' लिहिलेल्या जुन्या नोंदी वडील कधीच वाचत नव्हते. 'व्हयनं' केल्यापासून तेच मला सांगतात की अमुक ओळ चुकीची आहे, उत्तरेकडच्या तुकड्याला खत मिळालंच नाही. ज्या माणसाला काम सगळ्यात जास्त कळतं तो आता नोंदी तपासतो. दहा वर्षांनंतरच्या वाचकाइतकाच आजचा वाचकही मोलाचा आहे.

माझी एक अडचण आहे, कोणाला माहीत असेल तर सांगा. सालदाराचं वर्ष आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) आखाजीपर्यंत. ऑर्गची पुनरावृत्ती तास, दिवस, आठवडा, महिना, वर्ष एवढंच जाणते. इमॅक्ससोबत येणाऱ्या कॅलेंडरात हिब्रू, इस्लामी, चिनी, अगदी माया कालगणनाही आहे, पण आपलं पंचांग नाही. 'दर वर्षी' लावलं तर अक्षय्य तृतीया दुसऱ्याच दिवशी येते. सध्या दिवाळीत नवी दिनदर्शिका आली की आखाजी, पोळा, कानबाई यांच्या तारखा हाताने भरतो.

भुसावळकर

हाताने भरता तेच बरोबर आहे. वर्षातून एकदा पाच ओळी टंकायच्या, त्यासाठी सूत्र लिहीत बसू नका. चुकलेलं सूत्र कळायला वर्ष जातं, चुकलेली ओळ वडिलांच्या लगेच लक्षात येईल.

माझं मत तुमच्या छापील कागदाने थोडं हललं, हे कबूल करतो. घरात जो वाचणार त्याच्या भाषेत नोंद असावी. पण जो एकटाच वापरतो आणि अजून शिकतोय, त्याने निदान वर्षभर 'टुडू' आणि 'डन'वरच काम करावं, यावर मी ठाम आहे. कोणता शब्द कमी पडतो ते काम केल्याशिवाय कळत नाही. गिरणाकाठ भाऊ, तुम्हीही आधी दोन वर्षं मूळचे शब्द वापरलेत, म्हणूनच 'कागदबाकी' सुचलं.

गिरणाकाठ, जळगाव

दोन वर्षं वापरले हे खरं. पण त्यातला चौथा महिना संपेपर्यंत काय कमी पडतंय ते कळलं होतं. उरलेला काळ, मूळचं बदलू नये, असं कोणीतरी सांगितलं म्हणून गेला आणि तेवढे फोन चुकीच्या माणसांना झाले. नव्या मुलाला मी वर्षभर थांब म्हणणार नाही. ज्या दिवशी एकाच कामाची चौकशी दोनदा करावी लागली, त्या दिवशी शब्द बदल म्हणेन.

दप्तरदार ताईंचा मुद्दा मी घेतला. 'तपासणी' कोणाची, हे आमच्या दोन मुलांना आज विचारलं तर दोघांनी वेगळं सांगितलं. एक म्हणाला आपण तपासायचं, दुसरा म्हणाला पक्षकाराने होकार द्यायचा. त्यामुळे चार पक्षकारांची कामं दोन दिवस तशीच पडून होती. आता फाइलीत साखळीच्या ओळीखाली प्रत्येक शब्दासमोर लिहिलंय की हे काम कोणाच्या हातात आहे आणि कशाने पुढे सरकतं. 'तपासणी' फोडून 'आपलीतपासणी' आणि 'होकारबाकी' केलं. २० तारखेआधी चौदा दिवस अजेंडा मुदत दाखवायला लागतो, म्हणजे ६ तारखेला नवी साखळी पहिल्यांदा कसाला लागेल. कशी चालते ते इथेच लिहितो.