अर्जात 'मिल बंद करा' लिहायचं की नाही (सुरतमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं)

ए-४०३ : नमस्कार सगळ्यांना. आज परत गच्चीवरच्या कुरडयांवर काळे कण पडलेत, चादरींचं पण तेच. मुलाचं नेब्युलायझर तर अख्खा हिवाळा कपाटात गेलंच नाही. मी अर्ज लिहिलाय की पांडेसऱ्याकडच्या कापड रंगवणाऱ्या डाईंग मिल ताबडतोब बंद करा. वॉचमनकडे ठेवलाय, प्लीज रात्रीपर्यंत सह्या करा सगळ्यांनी

डी-१०१ : केली सही ताई. आमच्या बाल्कनीत पण रोज पुसलं तरी थर असतोच

बी-१०२ : ताई राग मानू नका पण मी थांबलेय सही करायची. ह्यांची नोकरी मिलमध्येच आहे फोल्डिंगला. नंदुरबार सोडून इथे आलो ते त्याच भरवशावर, मिलला टाळं लागलं तर दुसऱ्या दिवशीपासून पगार बंद, आमच्यासारखी आपल्या बिल्डिंगमध्येच किती घरं आहेत बघा. खोकला तर आमच्या पण घरात आहे

ए-४०३ : मग काय करायचं सांगा ना. मुलांनी हे असंच श्वासातून घ्यायचं का

सी-३०२ : ताई तुमचं काहीच चुकत नाही, माझी आई पण रात्री खिडक्या लावून झोपते. पण अर्जातलं "बंद करा" तेवढं बदलूया असं मनापासून वाटतं. मी प्रोसेस हाऊसमध्ये बॉयलर बघतो म्हणून जरा मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा.
डाईंग प्रिंटिंगला वाफ लागते, ती बॉयलरची, आणि थर्मोपॅकमधून गरम तेल फिरतं, दोन्हीखाली कोळसा नाहीतर लिग्नाइट. राख बाहेर जाऊ नये म्हणून चिमणीच्या आधी सायक्लोन, बॅग फिल्टर, स्क्रबर असं बसवलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी हे सगळं आहेच हो, ते नीट चालवतात का हा खरा प्रश्न आहे, कारण फिल्टरच्या पिशव्या फाटल्या की नवीन आणायला पैसे, पंखा पंप चालवायला वीज. पूर्वी प्रदूषण नियंत्रण बोर्डाचा माणूस अधूनमधून येऊन चिमणीचं सॅम्पल घ्यायचा, त्या दिवशी सगळं टकाटक, बाकी वर्षभर कोण बघतंय. आणि कुणी पकडला गेलाच तर हवा कायदा १९८१ चा, त्यात २०२४ पर्यंत शिक्षा म्हणजे खटला, नाहीतर मिल बंद, वीज कापा. एवढी मोठी शिक्षा असली की ती रोज देता येत नाही, कामगार रस्त्यावर येतात म्हणून अधिकारी पण हात आखडता घेतात. मालकांना हे पक्कं माहीत असतं. म्हणजे "बंद करा" असं म्हणत राहून धूर काही कमी झाला नाही इतकी वर्षं

ए-२०१ : बरोबर आहे. पण सुरतमध्येच तो धुराच्या बाजाराचा प्रयोग झाला ना, पेपरात वाचलं होतं. नीट समजलं नव्हतं

सी-३०२ : हो काका तेच सांगायचं होतं. २०१९ ला गुजरातच्या बोर्डाने सुरू केलं, चिमणीतल्या धुळीसाठी असा बाजार जगात पहिल्यांदा आपल्या सुरतमध्ये झाला. साधारण ३१७ कारखाने निवडले, बहुतेक कापडाचेच, त्यातले १६२ चिठ्ठ्या काढतात तसे निवडून बाजारात घेतले आणि बाकीच्यांना जुनाच नियम, म्हणजे फरक नक्की कशाने पडला ते कळेल. सगळ्यांच्या चिमणीत सतत मोजणारं यंत्र, आकडा सरळ बोर्डाकडे. यंत्र बंद ठेवलं तर धूर जास्त धरून हिशोब करायचा, त्यामुळे बंद ठेवण्यात फायदाच उरला नाही, हे मला सगळ्यात आवडलं.
आता मुख्य गोष्ट. जुन्या नियमात एक घनमीटर हवेमागे किती मिलिग्रॅम एवढंच बघतात, १५० ची मर्यादा. पण तशी हवा किती सोडली, मिल किती तास चालली, एकूण किती किलो धूळ शहरावर पडली ह्याचा हिशोबच नाही. नव्या पद्धतीत बाजारातल्या सगळ्या मिल मिळून महिन्याला एवढे टन, वर एक किलो नाही असं ठरवलं, सुरुवातीला २८० टन होतं मग टप्प्याटप्प्याने १७० पर्यंत खाली आणलं. एक परमिट म्हणजे एक किलो धूळ सोडायची परवानगी. ८० टक्के परमिट फुकट वाटले, बाकीचे लिलावात, भाव किलोला ५ ते १०० रुपयांच्या मध्ये. ज्याने फिल्टर नीट चालवले त्याचे परमिट उरतात तो विकतो, ज्याने दुर्लक्ष केलं त्याला विकत घ्यावे लागतात, आणि शेवटी कमी पडले तर किलोला २०० रुपये दंड, आधी भरून ठेवलेल्या डिपॉझिटमधून

बी-५०४ : म्हणजे पैसे टाका आणि धूर सोडा? हे मला पटत नाही साहेब. माझ्या शेजारची मिल परमिट विकत घेत बसली तर धूर कमी होणार तो लांबच्या सचिन भागात आणि काजळी आपल्या गच्चीवर राहणार

सी-३०२ : तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, ही त्या पद्धतीतली उणीवच आहे. बाजार एकूण धूळ मोजतो, चिमणीला लागून कुणाची घरं आहेत ते बघत नाही. त्यासाठी वस्तीजवळच्या चिमण्यांना वेगळी कडक मर्यादा मागायलाच हवी. पण निकाल पण ऐका. बाजारातल्या मिलची धूळ बाकीच्यांपेक्षा २० ते ३० टक्के कमी झाली, ९९ टक्के परमिटचा हिशोब वेळेत चुकता झाला, आणि तेवढीच धूळ कमी करायचा खर्च उलट ११ टक्क्यांनी उतरला. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या नावाजलेल्या अर्थशास्त्राच्या जर्नलमध्ये छापून आलंय हे. आणि हे सगळं मिल चालू ठेवून. वहिनींचे मिस्टर कामावर, आणि धूर कमी, दोन्ही एका वेळी झालं म्हणून मी एवढं टाईप करतोय

बी-१०२ : हे असं असेल तर आमची दोघांची सही घ्या

डी-१०१ : पण सुरत तर २०२४ ला स्वच्छ वायू सर्वेक्षणात देशात पहिलं आलं होतं ना. मग आपल्याकडे काजळी कशी

ए-२०१ : ते सर्वेक्षण मुख्यतः शहराने काय काय कामं केली त्यावर मार्क देतं, रस्ते झाडणं, बांधकामाची धूळ, कचरा न जाळणं, गाड्या वगैरे. त्यातले मार्क म्हणजे आपल्या गच्चीवरची हवा नाही. २०२५ ला इंदूर पहिलं, आपण तिसरे. आपली अमरावती त्या वर्षी तीन ते दहा लाखांच्या शहरात पहिली आली, त्याचा आनंद आहेच. पण पीएम २.५ म्हणजे हवेतल्या अगदी बारीक कणांसाठी आपल्या देशाची वर्षाची मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५, एवढं अंतर आहे, तेव्हा नंबर आला म्हणून गप्प बसायचं कारण नाही

बी-५०४ : महाराष्ट्रात असं काही आहे का? भाऊ तिकडे एमआयडीसीत असतो

सी-३०२ : महाराष्ट्राच्या बोर्डाने २०१७ पासून कारखान्यांना धुराप्रमाणे एक ते पाच स्टार द्यायला सुरुवात केली, लोकांना बघता यावेत म्हणून. दंड नाही पण कोणाची चिमणी कशी आहे ते उघड होतं. आपल्याकडे मला तेच कमी वाटतं, मोजणी होते पण ती मिल आणि बोर्डाच्या मध्येच राहते, शेजारी राहणाऱ्याला काही कळत नाही. अर्जात हेच मागूया की आजूबाजूच्या चिमण्यांचे आकडे गेटवर बोर्ड लावून दाखवा, वस्तीजवळ हवा मोजायचं यंत्र बसवा, आणि एकूण मर्यादा दरवर्षी खाली आणत रहा, ती एकदा ठरवून तिथेच ठेवली तर पुढे काही होणार नाही. लहान मिलना स्वतःचा बॉयलर झेपत नसेल तर कॉमन बॉयलरची वाफ पाइपने घेता येते, सचिनला चालू आहे, एक मोठी चिमणी सांभाळणं पन्नास लहान चिमण्यांपेक्षा सोपं

ए-४०३ : ठीक आहे दादा पटलं. पण एक सांगते, "कमी करा" म्हटलं की कुणीच मनावर घेत नाही हा माझा अनुभव आहे, म्हणून तारीख घालणार मी. तीन महिन्यात आकडे गेटवर लागले नाहीत तर आपण परत जाणार, आणि तेव्हा सगळ्यांनी यायचं

बी-५०४ : येणार. वस्तीजवळच्या चिमण्यांचा मुद्दा पहिला घ्या फक्त

सेक्रेटरी : अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर देऊ, एकट्या ताईंच्या नावाने नको. गुजरातीत लिहावा लागेल, कोण लिहील?

बी-१०२ : माझी मुलगी लिहील, दहावी गुजराती मिडीयमनेच झाली. फक्त कोणत्या मिलचं नाव नका घालू, ह्यांना त्रास होईल

ए-४०३ : नाही घालत, एरियाच लिहिते. जुना कागद वॉचमनकडून परत घेतलाय, ज्यांनी सह्या केल्या त्यांनी उद्या नव्यावर करा

सी-३०२ : चिमणीच्या माहितीसाठी बोर्डाच्या सुरत ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज पण सोबतच लावू, त्याचा मजकूर मी सकाळी टाकतो, आता रात्रपाळीला निघालोय