सोसायटीत माणशी २२४ लिटर पाणी जातंय, गळती नेमकी कुठे शोधायची?

चौदावा_मजला
मुंबई उपनगरात १४ मजली इमारत, ५६ फ्लॅट, माणसं साधारण २१०. पालिकेच्या मीटरप्रमाणे रोजचा वापर ४७,००० लिटर, म्हणजे माणशी २२४. शहरासाठीचा ठोकताळा १३५ लिटरचा. सभेत ठरलंय की पत्रक लावायचं आणि सगळ्या नळांना एरेटर (धार कमी करणारी तोंडाची जाळी) बसवायचे. एका सभासदांचं म्हणणं, २०१८ च्या दुष्काळात दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनच्या लोकांना माणशी ५० लिटरची मर्यादा होती, मग आपल्याला काय धाड भरलीय? खर्च करण्याआधी काय तपासावं? सक्शन टँक (पालिकेचं पाणी साठवायची जमिनीतली टाकी) ६ बाय ४ मीटर आहे. गच्चीवर वापराची आणि फ्लशची टाकी वेगळी आहे.

नळजोड
१३५ च्या हिशेबाने २८,३५० लिटर पुरायला हवेत. वरचे साडेअठरा हजार काही दात घासताना नळ उघडा राहिल्याने जात नाहीत. चोवीस तास काहीतरी वाहतंय, आणि ते रात्रीच सापडतं.

आधी नोटीस लावा. रात्री १ ला पालिकेच्या लाइनचा इनलेट व्हॉल्व्ह बंद करा आणि पंप ऑटोवरून काढा. सक्शन टँकच्या झाकणाच्या कडेपासून पाण्यापर्यंत टेपने मोजा (ओल्या भिंतीवर खडूची खूण टिकत नाही). ४ वाजता पुन्हा मोजा. तुमच्या टाकीत १ सेंटिमीटर म्हणजे २४० लिटर. तीन तासांत २ सेंटिमीटर उतरलं तर दिवसाला ३,८४० लिटर जमिनीत चाललंय. पावसाळ्यात पातळी उलट वाढलेली दिसली तर जास्त घाबरा: ज्या भेगेतून पाणी बाहेर जातं त्यातूनच गटाराचं आत येतं.

त्याच वेळी गच्चीवरच्या दोन्ही टाक्या मोजा. फ्लशची टाकी सगळ्यात आधी. पहाटे तीनला फ्लश करणारे किती असणार? ती उतरली की दोष एकतर घरांतल्या सिस्टर्नचा (कमोडमागच्या फ्लशच्या छोट्या टाकीचा) किंवा लाइनचा.

गच्ची_व_टाकी
ओव्हरफ्लोचे पाइपही पाहा. बऱ्याच इमारतींत ते थेट पावसाळी पाण्याच्या पाइपात सोडलेले असतात, त्यामुळे टाकी ओसंडते ते कुणाला दिसतच नाही. ओव्हरफ्लोचं तोंड वॉचमनच्या नजरेसमोर, उघड्यावर आणा. सेन्सरपेक्षा हा उपाय स्वस्त. सक्शन टँकमधल्या बॉलकॉकचा (टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या नळाचा) वॉशर झिजला की पालिकेचं पाणी येत असेपर्यंत टाकी वाहतच राहते, मीटर फिरतच राहतो.

चौदावा_मजला
मोजलं. सक्शन टँक जागच्या जागी. फ्लशची टाकी ३ बाय अडीच मीटर, तीन तासांत ११ सेंटिमीटर उतरली. वापराची टाकी ४ सेंटिमीटर.

नळजोड
साडेसात चौरस मीटरला ११ सेंटिमीटर म्हणजे ८२५ लिटर, दिवसाला ६,६००. आता फ्लशच्या डाउनटेक लाइनचे (गच्चीवरून खाली घरांत येणाऱ्या पाइपांचे) व्हॉल्व्ह एकेक करून बंद करा. ज्याने पातळी थांबेल त्या लाइनवरच्या घरांतच प्लंबर पाठवा, ५६ घरं हिंडवू नका.

घरात तपासायला सिस्टर्नमध्ये खायचा लाल रंग अर्धा चमचा टाका आणि २० मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला की तळाचा रबरी वॉशर गेला. हळद वापरू नका, ती विरघळत नाही, तळाशी बसते. सिस्टर्न भिंतीत बसवलेला असेल तर कमोडच्या आतली मागची बाजू पुसून तिथे टिश्यू चिकटवा, गळत असेल तर ओली पट्टी उमटते. वॉशर बदलूनही थांबलं नाही तर वॉशर जिथे टेकतो त्या कडेवर गाळ असतो, आधी ती घासा. जुन्या १० लिटरच्या सिस्टर्नमध्ये लिटरभराची भरलेली बाटली ठेवा. वीट नको, ती झिजते आणि चुरा वॉशरखाली अडकतो.

दाब_अडीच
एरेटर सरसकट नको. ज्या नळाखाली बादली भरतात तिथे तो निरुपयोगी, बादली तेवढ्याच पाण्याने भरणार, फक्त उशिरा. सिंक आणि बेसिनला लावा. लिटरचं माप किती सेकंदांत भरतं ते बघा: ५ सेकंद म्हणजे मिनिटाला १२ लिटर. ६ लिटरचा एरेटर तिथे अर्धं वाचवेल. जाळीत गाळ अडकतो, महिन्याने काढून धुवा.

तुमच्याकडे मोठा चोर म्हणजे प्रेशर. दर १० मीटर उंचीला १ बार (दाबाचं एकक), म्हणजे खालच्या मजल्यांवर ४ बार. धार प्रेशरच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते, तेव्हा ४ चे २ केले तरी तोच नळ तीस टक्के कमी पाणी देतो. मधल्या मजल्यावर, साधारण सातव्याखाली, डाउनटेकला प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा. त्याच्या आधी गाळणी हवीच, नाहीतर पहिल्याच गाळात तो अडकतो आणि खालचे लोक "पाणी येत नाही" म्हणून दारात उभे. केपटाउनने तरी काय केलं? मर्यादा घातली आणि शहराच्या लाइनमधलं प्रेशरही उतरवलं.

शहापूर_लाइन
केपटाउनपर्यंत कशाला जायचं? मुंबईचं जवळपास निम्मं पाणी शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणाचं, आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात गावांना टँकर लागतात. तुम्ही वाचवलेलं पाणी आपोआप तिकडे जाणार नाही, तो धोरणाचा प्रश्न. पण ६,६०० लिटर गच्चीवर चढवायला रोज दीड युनिटच्या आसपास वीज जाते, तेवढी तर तुमच्याच बिलातून कमी होईल.

आणि पत्रकात एक ओळ आरओबद्दल घाला. मुंबईच्या तलावांच्या पाण्यात क्षार मुळातच कमी असतात, यूव्ही पुरतं. घरगुती आरओ एक लिटर पिण्यासाठी दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. टँकरचं किंवा बोअरचं पाणी घेत असाल तर मात्र आधी टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) मोजा. ५०० च्या पुढे असेल तर आरओ ठेवा, सोडलेलं पाणी लादी पुसायला आणि फ्लशला वापरा.

चौदावा_मजला
फ्लशच्या दोन लाइनी दोषी निघाल्या, २८ घरं. प्लंबर सोमवारपासून. वापराच्या टाकीचे व्हॉल्व्ह त्यानंतर.