मदत हवी आहे: अंगावर पित्त उठतं त्याच दिवशी बोटंही धरतात. हा एकच आजार आहे की दोन?

रोजकीर्द_सांगली

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय आणि तेही रडगाणं. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी सांगलीची, वय ३९. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहिते. गेले १४ महिने अंगावर पित्त उठतंय. जळजळ आणि आंबट ढेकरांचं पित्त नव्हे, गांधी उठतात ते. सुरुवात परकराच्या नाडीखाली, मग मांड्या, पोट, पाठ. चार आण्याच्या नाण्याएवढी एक उठते, शेजारची येऊन तिला मिळते आणि अर्ध्या तासात पोटावर जिल्ह्याचा नकाशा तयार. सकाळी बघावं तर कातडी कोरी. डॉक्टरांपुढं बसल्यावर दाखवायला काही नसतं, म्हणून आता फोटो काढून ठेवते.

पण नुसत्या खाजेसाठी धागा काढला नसता. ज्या दिवशी गांधी उठतात त्या दिवशी सकाळी बोटांची पेरं धरलेली असतात. मूठ वळत नाही. चहाचं पातेलं उतरवताना सांडशी नीट दाबली जात नाही, दोनदा चहा ओट्यावर सांडलाय. पाऊण तासात बोटं सैल होतात. मग दिवसभर, ताप येऊन गेल्यावर जसं गळाल्यासारखं होतं तसं. ताप मात्र नसतो, थर्मामीटर लावून बघितलाय. दुपारी अचानक कान आणि गाल तापतात, दुकानातले विचारतात, "ताई, चिडलाय काय?" कधी पोटात कळ येऊन दोन-तीनदा जावं लागतं. दोन वेळा छातीत धडधडलं, ईसीजी नॉर्मल आला.

आता डॉक्टरांची कथा. त्वचेच्या डॉक्टरांनी लिव्होसेट्रिझिन ही खाजेची गोळी दिली, खाज निम्म्यानं कमी झाली. बोटांचं सांगितलं तर म्हणाले, ते हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हाडांच्या डॉक्टरांनी आरए फॅक्टर (संधिवातासाठीची रक्ततपासणी) केला, निगेटिव्ह. दुखण्यावर गोळी लिहून दिली, ती घेतली त्या रात्री गांधी दुप्पट आणि वरचा ओठ भज्यासारखा फुगला. तिसऱ्यांना पोटाचं सांगताना तोंडातून 'पित्त' शब्द गेला, तर त्यांनी सकाळी उपाशीपोटी घ्यायची ॲसिडिटीची गोळी दिली! आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे याचा असा फटका बसेल असं वाटलं नव्हतं.

घरी सासूबाईंचं आमसुलाचं पाणी चालू आहे. त्यानं गार वाटतं, माझी तक्रार नाही. पण त्यांनी एकदा घोंगडीनं पाठ चोळली आणि जिथं जिथं घोंगडी फिरली तिथं तिथं पट्टे उठले. शेजारपाजारचं एकमत आहे की हे हळदीच्या धुळीचं. मलाही तसंच वाटत होतं. मग एक कोरी रोजकीर्द घेतली आणि रकाने पाडले. डाव्या पानावर गांधी (किती, कुठं, कधी), उजव्या पानावर बाकीचं सगळं: बोटं, पोट, डोकं, झोप. ११ आठवडे लिहिलं. ७७ दिवसांपैकी ४१ दिवस गांधी होत्या. त्या ४१ पैकी २६ दिवस बोटं धरली. उरलेल्या ३६ कोऱ्या दिवसांत बोटं धरली ती फक्त तीनदा. रविवारी यार्ड बंद असतं तेव्हाही तेच. दिवाळीला आठवडाभर कऱ्हाडला माहेरी होते, हळकुंडाचं तोंडही पाहिलं नाही, तिथंही पाच दिवस उठल्या.

विचारायचं एवढंच की असं आणखी कुणाला होतं का? दाखवायचं कुणाला? का हे खरंच माझ्या मनाचे खेळ आहेत? (हे घरात एकदा ऐकून झालंय.)

कवठेमहांकाळकर

ताई, वांगं, हरभरा डाळ, दही बंद करा. पोट साफ ठेवा. महिन्यात फरक पडतो.

रोजकीर्द_सांगली

दादा, चार महिने वांगं बंद होतं. सांगलीत राहून वांगं बंद म्हणजे काय ते तुम्हाला कळेल. वहीत तसूभर फरक नाही.

मेढ्याचा_घाट

मी साताऱ्याचा. माझं पित्त थंडीचं. डिसेंबरात मेढ्याहून मोटरसायकलवर आलो की हातावर, गालावर गांधी. मीही कातडीचं दुखणं म्हणून सोडून दिलं होतं. मग एका उन्हाळ्यात गावच्या विहिरीत सूर मारला, बाहेर आलो, अंगभर लाल झालो, उलटी झाली आणि थारोळ्यावरच आडवा झालो. पोरांनी धरलं म्हणून, नाहीतर पाण्यातच शुद्ध गेली असती. डॉक्टरांनी नंतर हातावर पाच मिनिटं बर्फ धरून बघितलं, बर्फ काढल्यावर त्याच आकाराची गांधी वर आली. अशा माणसानं एकदम थंड पाण्यात उडी घ्यायची नाही, रक्तदाब कोसळू शकतो, असं तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तुमचा प्रकार वेगळा दिसतो. पण मनाचे खेळ वगैरे कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

जुना_स्टेथो

मी फिजिशियन आहे, आता प्रॅक्टिस कमी केलीय. इथं बसून निदान करणार नाही, पण वही बघून राहवलं नाही. रुग्णानं इतकी स्वच्छ नोंद आणलेली मी क्वचित बघितलीय.

सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ गांधी येत-जात राहिल्या आणि ठरावीक कारण सापडलं नाही, तर त्याला जुनाट उत्स्फूर्त अर्टिकेरिया म्हणतात. कातडीतल्या मास्ट पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं सोडतात, केशवाहिन्या पाझरतात, गांधी वर येते. पुष्कळ रुग्णांत या पेशींना डिवचणारी प्रतिपिंडं (एरवी रोगजंतूंशी लढणारी प्रथिनं) आपल्याच शरीरानं बनवलेली असतात. म्हणूनच या आजारात एखादा खाद्यपदार्थ दोषी निघणं विरळा. वांगं खुशाल खा.

आता तुमचा मूळ प्रश्न. त्वचेबाहेरच्या तक्रारी या आजारात नोंदवलेल्या आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १५५ रुग्णांपैकी १०३ जणांनी अशा तक्रारी सांगितल्या. सगळ्यांत जास्त सांध्यांचं दुखणं किंवा सूज, मग डोकेदुखी-थकवा, मग चेहरा तापून लाल होणं. घरघर, पोटाच्या तक्रारी आणि थोड्या जणांत धडधडही होती. ज्यांना हे होतं त्यांचा आजार एकूणच जास्त जोराचा होता. म्हणजे तुमचं उजवं पान छापील कागदावर आधीच आहे. थकव्यातला काही वाटा रात्रीच्या खाजेनं मोडलेल्या झोपेचाही असतो, तो रकाना तुम्ही ठेवलाय हे छान.

पण म्हणून सगळं अर्टिकेरियाच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नका. आधी एक करा: गांधी उठली की बॉलपेननं तिच्याभोवती कड काढा आणि वेळ लिहा. साध्या अर्टिकेरियातली एकेक गांधी २४ तासांच्या आत विरते आणि मागं डाग ठेवत नाही. दीड-दोन दिवस तिथंच राहिली, खाजेपेक्षा आग किंवा दुखणं जास्त असलं, जाताना काळानिळा डाग ठेवून गेली, सोबत ताप किंवा हाडं दुखणं असलं, तर रस्ता वेगळा, मग कातडीचा तुकडा तपासावा लागतो. बोटांचे सांधे डोळ्यांना दिसतील असे सुजले किंवा सकाळचा ताठरपणा तासाच्या वर जाऊ लागला तर संधिवाततज्ज्ञ गाठा, आरए फॅक्टर निगेटिव्ह असला तरी.

ती दुखण्याची गोळी: त्या गटातल्या वेदनाशामकांनी बऱ्याच जणांचा अर्टिकेरिया भडकतो. गोळीचं नाव पाकिटावरून उतरवून ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा. आणि जीभ किंवा घसा सुजला, आवाज घोगरा झाला, श्वास अडला, भोवळ आली, तर वही बाजूला आणि १०८.

विटेकरीण

डॉक्टर म्हणतात तो 'वेगळा रस्ता' माझा. माझ्या गांधी दोन-दोन दिवस जात नव्हत्या, खाजेपेक्षा चुरचुर जास्त, आणि जाताना पिंडरीवर शाईच्या डागासारखं काहीतरी ठेवून जायच्या. घोटे इतके सुजायचे की चपलेचा अंगठा पायात जायचा नाही. मी दीड वर्ष खाजेच्या गोळ्या खात बसले. शेवटी बायोप्सी केली तेव्हा रक्तवाहिन्यांचा दाह निघाला आणि उपचारच बदलले. ताई, पेनाचं आजच करा.

रोजकीर्द_सांगली

पेन केलं. तीन गांधींना केलं, एक डाव्या दंडावर, दोन मांडीवर. दंडावरची रात्री ९.१० ला कड काढली, ११ वाजता ती कडेच्या बाहेर बोटभर पसरली, २ वाजता जाग आली तेव्हा नुसती निळी रेघ आणि आत काही नाही. मांडीवरच्या पाच-सहा तासांत गेल्या. डाग नाही. विटेकरीणताई, तुमचं वाचून पोटात गोळा आला होता. आणि यजमानांनी विचारलं, रात्री २ ला मांडीवर टॉर्च मारून काय बघतेस. सांगितलं, शिल्लक जुळवतेय.

स्टेथोकाका, अंगठी बोटातून काढता येते, म्हणजे सूज फारशी नसावी. ताठरपणा पाऊण तासाच्या वर नाही. आता पुढं कोणत्या तपासण्या मागू?

जुना_स्टेथो

मागू नका, वही दाखवा आणि करवून घ्या. सुरुवातीला फार लागत नाही: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर आणि सीआरपी (अंगात दाह आहे का ते दाखवणाऱ्या). तज्ज्ञ बहुधा टोटल आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडांची एकूण पातळी) आणि थायरॉइडची अँटी-टीपीओ प्रतिपिंडं सांगतील, कारण थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार या लोकांत जास्त आढळतो. टीएसएचही (थायरॉइडचं काम बघणारी तपासणी) होऊन जाऊ दे. हजारो रुपयांची ॲलर्जी पॅनेलं मात्र कुणी गळ्यात मारली तर आधी का म्हणून विचारा.

गोळीनं निम्माच आराम असेल तर आजार हट्टी आहे म्हणून हताश होऊ नका. झोप न आणणाऱ्या नव्या अँटिहिस्टामिनचा (तुमच्या खाजेच्या गोळीसारख्या, हिस्टामिनला अडवणाऱ्या औषधाचा) डोस डॉक्टर चौपटीपर्यंत वाढवू शकतात, हे मार्गदर्शक सूचनांतच आहे. स्वतःच्या मनानं वाढवायचा नाही, आणि गोळी 'उठलं की खायची' नाही, रोज घ्यायची. त्यानंही भागलं नाही तर ओमॅलिझुमॅब, ३०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दर चार आठवड्यांनी. महाग आहे, पण रस्ता तिथं संपत नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या महिनोन्‌महिने कुणी दिल्या तर मात्र दुसरं मत घ्या.

मेढ्याचा_घाट

ताई, डॉक्टरांना अख्खी वही देऊ नका, ते चाळतील आणि परत देतील. आठवड्याला एक आकडा करा. रोज गांधींना ० ते ३ आणि खाजेला ० ते ३, सात दिवसांची बेरीज, जास्तीत जास्त ४२. हे त्यांच्या ओळखीचं माप आहे. माझ्या पहिल्या आठवड्याचे ३१ आले तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढला.

रोजकीर्द_सांगली

तीन आठवड्यांनी लिहितेय. मिरजेत दुसऱ्या त्वचातज्ज्ञांना दाखवलं. ११ आठवड्यांची एका पानावर बेरीज करून नेली, डावीकडं गांधी, उजवीकडं बाकीचं, खाली वेदनाशामक गोळीचं नाव लाल शाईनं. त्यांनी उजवीकडून वाचायला सुरुवात केली, मी काही बोलले नाही.

ईएसआर, सीआरपी ठीक. टीएसएच नॉर्मल, अँटी-टीपीओ मात्र बरंच वाढलेलं, म्हणून टीएसएच दर सहा महिन्यांनी बघायचं. गोळी रोज, डोस दुप्पट, महिन्यानं परत. पहिल्या आठवड्याची बेरीज २४ होती, काल संपलेल्याची १३. बोटं या आठवड्यात दोनदाच धरली. पोटाचं अजून तसंच आहे, त्यासाठी वेगळं बघू म्हणाले.

सासूबाईंनी घोंगडी माळ्यावर टाकली, आमसूल चालू आहे. विटेकरीणताई, तुमचे घोटे आता कसे आहेत?

विटेकरीण

उतरले. परवा नवीन चपला घेतल्या.